तुमच्या शिफ्टला काय कळलं?

पुण्यातल्या माणसाला मित्रांची खबरबात हवी असली की तो संध्याकाळी सातला कट्ट्यावर जातो. पुण्यात हे जमतं, कारण तिथे सगळ्यांची संध्याकाळ एकदमच होते. पिंपरी-चिंचवडमध्ये संध्याकाळी सात वाजता एक मित्र जेवून आडवा व्हायच्या बेतात असतो, दुसरा मशीनवर उभा असतो आणि तिसरा नुकताच उठून ‘आज वार कोणता?’ अशा चेहऱ्याने चहा पीत असतो. तिघांना एका कट्ट्यावर आणायचं तर दोघांना रजा टाकावी लागेल. आणि रजा ही पेरणी, बाळंतपण आणि मेव्हण्याचं लग्न यांसाठी असते. मित्रासाठी रजा टाकली, असं एकदा घरी सांगून बघा.

तरीही आम्हाला एकमेकांचं सगळं माहीत असतं. कोणाच्या फ्लॅटचा हप्ता कितीचा, कोणाच्या मुलाला दहावीला गणितात किती पडले, कोणाची बायको माहेरी गेलीय आणि त्यातून कोणाची रुसून गेलीय. भेट शून्य, माहिती पूर्ण.

याचं मूळ बुरशीत आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन निघू लागलं. पेनिसिलिन बुरशीपासून होतं, आणि ‘पाच वाजले, उरलेलं उद्या बघू’ हे बुरशीला समजत नाही. ती टाकीत रात्रंदिवस वाढत असते, म्हणून तिच्या उशाशी रात्रंदिवस कोणीतरी जागं लागतं. मग बजाज आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, त्यांच्यामागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे शेडवाले आले. 1982 मध्ये महानगरपालिका झाली तोपर्यंत अख्ख्या गावाच्या झोपेचे तीन तुकडे पडले होते: फर्स्ट, सेकंड आणि नाईट. 2003 मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं. ही बातमी मात्र कुठल्याच शिफ्टला अजून पोचलेली नाही. रिक्षावाल्याला आजही ‘टेल्को रोड’च सांगावं लागतं.

आमच्या मैत्रीत माणसाचं नाव शेवटी कळतं. आधी कळतो त्याचा स्टॉप. कंपनीच्या बसमध्ये जो केएसबी चौकात चढतो तो ‘केएसबी’, थरमॅक्स चौकात चढतो तो ‘थरमॅक्स’, डांगे चौकातला ‘डांगे’. आता डांगे चौकात चढणारा गृहस्थ आडनावाने डांगे नाही, हे त्याच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका आली तेव्हा बसला समजलं. पत्रिकेवरचं नाव वाचून दोघं-तिघं म्हणाले, “हे कोण? आपल्यातले वाटत नाहीत.” माझंही खरं नाव बसमध्ये कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मी निगडीहून चढतो, तेव्हा मी ‘निगडीकर’. एकदा बायकोने माझ्या मोबाईलवर आलेला फोन उचलला. पलीकडून आवाज आला, “वहिनी, निगडी उठली का?” बायको म्हणाली, “निगडी उठली, पण हे झोपलेत.”

मोबाईल येण्याआधी या बसमध्ये जगाची बातमी एका पेपरात यायची. रोज एकाने पेपर आणायचा, अशी पाळी लावलेली होती. पहाटे पावणेसहाच्या बसमध्ये त्या पेपराची शिस्तीत वाटणी होई. पहिलं पान ड्रायव्हरच्या मागच्या सीटला, कारण तिथे सीनियर मंडळी. क्रीडा पान मधल्या रांगेला. अग्रलेखाचं पान खिडकीतून येणारा वारा अडवायला. आणि सर्वांत मागच्या सीटला छोट्या जाहिराती. चाकामागे बसणाऱ्या आमच्या थरमॅक्सच्या वाट्याला वर्षानुवर्षं तेवढंच पान आलं. देशात सरकारं बदलली, त्यांचा त्याला थांगपत्ता नव्हता. पण रावेतला वन बीएचके किती, मोशीला गुंठा किती, हरवलेली मार्कशीट कोणाची आणि नाव बदलून कोण कोण झालं, हे त्याला तोंडपाठ. पुढे अख्ख्या बसने घरं घेतली ती त्याच्या सल्ल्याने. पहिलं पान वाचणारे अजून भाड्याने राहतात.

माणसांच्या बातम्यांसाठी मात्र पेपर लागत नसे. त्या रिकाम्या सीटवर छापून येत. एखादा आपल्या स्टॉपवर दिसला नाही की पुढचा स्टॉप यायच्या आत तीन खुलासे तयार. “काल खोकत होता.” “खोकत नव्हता, सासरवाडीचे आलेत.” “सासरवाडीचे आलेत म्हणूनच खोकत होता.” आणि तोवर तो माणूस मागून रिक्षाने बस गाठायच्या धडपडीत असे.

पण खरी गंमत शिफ्ट बदलताना. दुपारी एक शिफ्ट सुटते, दुसरी आत शिरते. गेटवर दोन रांगा समोरासमोरून जातात. कार्ड पंच करायची घाई, बस सुटायची घाई. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मित्र मित्राला चालता चालता बातमी सांगतो. म्हणजे फक्त मथळा सांगतो. तपशील पुढच्या आठवड्यात, शिफ्ट बदलून दोघं एका बसमध्ये आले की. मधल्या काळात तपशील ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे भरायचा.

केएसबीच्या सासऱ्यांचं असंच झालं. सोमवारी फर्स्ट शिफ्ट सुटताना गेटवर एवढंच सांगून गेली, “केएसबीच्या सासऱ्यांना ॲडमिट केलंय.” सेकंड शिफ्टने कँटीनमध्ये विचार केला. या वयात ॲडमिट म्हणजे हृदयच. रात्री नाईटवाल्यांना गेटवर निरोप गेला, “केएसबीचे सासरे. हार्ट. ऑपरेशन.” नाईट शिफ्ट मुळातच उदास असते. पहाटे तीनच्या चहाला त्यांनी ठरवलं, की म्हातारा काही यातून उठत नाही. पहाटे सुटताना ते फर्स्टवाल्यांना हळू आवाजात म्हणाले, “वर्गणी काढायला घ्या.” म्हणजे सोमवारी ज्यांनी बातमी सोडली होती त्यांच्याकडेच ती मंगळवारी सकाळी परत आली, आणि त्यांनी ती ओळखलीच नाही! ते हळहळले. पाकीट फिरलं. गुरुवारची सुट्टी काढून शुक्रवारी केएसबी बसमध्ये चढला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. डांगेने त्याचा हात हातात घेतला. केएसबी गोंधळून म्हणाला, “अहो, मोतीबिंदू होता. आता चष्म्याशिवाय पेपर वाचतायत. माझ्या आधी वाचतायत, तोच त्रास आहे.”

वर्गणी कोणाची कोणाला परत करायची, याची यादी कोणी ठेवली नव्हती. शेवटी तिची मिसळ झाली. सासऱ्यांसाठी एक पार्सल गेलं.

गुरुवारची सुट्टी म्हटलं, ते बाहेरच्यांना विचित्र वाटेल. आमच्याकडे भोसरीपासून चिंचवडपर्यंतच्या बऱ्याच शेडना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, कारण विजेचं दुरुस्तीचं कामही गुरुवारीच निघतं. चाकणला बऱ्याच ठिकाणी रविवारी. हिंजवडीच्या संगणकवाल्यांना शनिवार-रविवार. एका घरात वडील भोसरीत, थोरला चाकणला आणि धाकटा हिंजवडीत असेल, तर त्या घराने एकत्र जेवायचं कधी? दिवाळीत. तेव्हा सगळे कारखाने बंद असतात. पण दिवाळीत सगळे गावी जातात. मराठवाड्यातला मित्र लातूरला, खानदेशातला जळगावला, आणि मूळचा चिंचवडचा असेल तो लोणावळ्याला, कारण ‘इथे कोणीच नाही, करमत नाही.’

चाकणच्या खोल्यांमध्ये तर एकत्र राहूनही भेट होत नाही. निघोजे, कुरुळी, महाळुंगे या गावांत आयटीआय करून आलेली पोरं एका खोलीत चौघं-चौघं राहतात. माझा पुतण्या असाच राहायचा. त्याचा रूम पार्टनर आणि तो एकाच कॉटवर झोपत. एकदम नाही, आळीपाळीने. हा नाईटहून आला की तो फर्स्टला गेलेला. गादी गरम असली की पार्टनर वेळेवर गेला असं समजायचं.

मी एकदा त्या खोलीवर गेलो. दोघांपैकी कोणीच नव्हतं, किल्ली शेजारच्या किराणा दुकानात. भिंतीवर कालनिर्णय. आमच्या घरी कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो. इथे तारखांच्या चौकटींत अख्खा संवाद चालला होता. सोमवार: ‘गॅस संपत आलाय.’ मंगळवार, वेगळ्या अक्षरात: ‘संपला.’ बुधवार: ‘अंडी चार होती.’ गुरुवार: ‘दोन मी खाल्ली. दोन कोणी?’ शुक्रवार: ‘तुझ्या आईचा फोन. मुलगी बघायला रविवारी बोलावलंय. मी हो म्हणून सांगितलं.’ शनिवारच्या चौकटीत संकष्टी चतुर्थीच्या चंद्रोदयाच्या वेळेवरच लाल पेनने: ‘तू कोण हो म्हणणारा???’ आणि रविवारच्या चौकटीत, शांत अक्षरात: ‘मुलगी चांगली आहे. अंडी आणली आहेत.’ मी उभ्याउभ्या मागचे दोन महिनेही वाचून काढले. त्या पोराचं लग्न कसं जमलं हे त्याच्या आईलाही इतकं तारीखवार सांगता आलं नसतं.

जगाच्या बातमीचं मोजमापही आमच्याकडे वेगळं आहे. जगात कुठेही काही झालं की इथला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘ओटीवर काय परिणाम?’ ओटी म्हणजे ओव्हरटाईम. 2008 साली अमेरिकेत बँक बुडाली. तिचं नाव उच्चारता येत नव्हतं, पण इथली ओटी बंद झाली तेव्हा ती बँक आमची घरची झाली. 2019 च्या मंदीत गाड्यांचा खप घसरला आणि कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले. म्हणजे सुट्टी, पण अशी की तिच्यात झोप लागत नाही. पुढे गाड्यांना चिप मिळेनाशा झाल्या. डांगेच्या आईने विचारलं, “अरे, नखाएवढ्या तुकड्यासाठी एवढी मोठी गाडी अडते?” डांगे म्हणाला, “आई, जावई एका वाक्यासाठी अडतो की.”

आणि मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात ते ‘एव्हर गिव्हन’ जहाज आडवं झालं. चारशे मीटर लांबीचं जहाज, सहा दिवस अडकलं, मागे-पुढे शेकडो जहाजं खोळंबली, सगळ्या जगाच्या चॅनेलांवर तेच. चाकणच्या माणसाला त्यात बातमी काय आहे तेच कळेना. आमच्या तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला की एका बाजूला नाशिक आणि दुसऱ्या बाजूला पुणे अडकतं, तेव्हा कुठलं चॅनेल येतं? 1660 साली शाइस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. तो वेढा दोन महिन्यांत संपला तरी. हल्लीचा रोज पडतो, सकाळी एकदा आणि शिफ्ट सुटताना एकदा.

पण त्या वेढ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. आमच्या मैत्रीवर त्याचे उपकार आहेत. फर्स्ट शिफ्टची परतणारी बस आणि सेकंड शिफ्टची उशिरा निघालेली बस चौकात तोंडाला तोंड देऊन उभ्या राहतात. खिडकीला खिडकी लागते. गेटवर ज्या मित्राशी अर्धं मिनिट मिळत नाही, तो इथे हाताच्या अंतरावर चांगला अर्धा तास सापडतो. मग मथळ्यांचे तपशील निघतात. “मग पुढे काय झालं?” “थांब, सांगतो.” खिडकीतून शेंगदाणे जातात, डबा बदलतो, मुलाच्या ट्यूशनचा पत्ता जातो, एकदा तर इन्कम टॅक्सचा फॉर्म मी पुढच्या बसच्या पाठीवर ठेवून भरून दिलेला आहे. ऐन रंगात आल्यावर वाहतूक पोलीस शिट्टी मारतो, बस हलते आणि मित्र खिडकीतून ओरडतो, “राहिलेलं उद्या, आंबेठाण चौकात!” उड्डाणपूल झाला तर ही मैत्री कुठे जाईल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि बसचा ग्रुप आहे. त्यावर पहाटे चारपासून गुलाबाची फुलं पडू लागतात. नाईटवाले ‘शुभ सकाळ’ टाकून झोपतात, सेकंडवाले ‘शुभ रात्री’ टाकून जेवायला बसतात. एकाच पडद्यावर एकाच मिनिटाला सकाळ, रात्र आणि दुपारच्या जेवणाचा फोटो. पण यात बातमी अशी एकच येते आणि ती रोज येते: “तुमच्याकडे पाणी आलं का?” 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी आहे. त्यामुळे अर्ध्या ग्रुपकडे आलेलं असतं आणि अर्ध्याकडे उद्या यायचं असतं. पावसाळ्यात त्यात पवना धरणाची टक्केवारी मिसळते. शेअर बाजाराचा निर्देशांक आमच्याकडे दोघं-तिघं बघत असतील, पवनेचा सगळे बघतात. ‘पवना साठ टक्के’ म्हटल्यावर नाईट शिफ्टलाही जरा बरं वाटतं.

मोबाईलमुळे बातमी सगळ्यांना एकदम मिळते, हेही खरं नाही. 29 जून 2024 च्या रात्री ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सेकंड शिफ्ट सुटून बस निघाली तेव्हा शेवटचं षटक आलेलं. पाच-सहा जणांच्या मोबाईलवर सामना चालू, प्रत्येकाचं नेटवर्क वेगळं. थरमॅक्सचं चित्र सगळ्यांच्या पुढे, माझं सगळ्यांच्या मागे. माझ्या पडद्यावर पंड्या अजून चेंडू पुसत होता आणि मागून थरमॅक्सने किंकाळी फोडली, “घेतलाऽऽ!” मग मधल्या रांगेने फोडली. मग पुढच्या. सूर्यकुमारने तो झेल सीमारेषेवर एकदाच घेतला. आमच्या बसमध्ये चार वेळा घेतला. माझ्या मोबाईलवर तो झेल आला तेव्हा बस पुढच्या चेंडूवर ओरडत होती. मी तरीही ओरडलो. सगळ्यांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा एकदा माझ्यासाठी ओरडले.

ही सवय आमच्यात मुरलेली आहे. बातमी शिळी असली तरी चालते, सांगणारा ताजा पाहिजे. एखादी गोष्ट गेटवर ऐकलेली असते, ग्रुपवर वाचलेली असते, खिडकीतून तपशिलासह मिळालेली असते. तरी ज्याची आहे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ती आम्हाला ‘कळली’ असं धरत नाहीत. तोवर आपल्याला काही माहीत नाही असा चेहरा ठेवायचा. हा चेहरा ठेवणं मशीन चालवण्यापेक्षा अवघड काम आहे आणि त्याला ओटी मिळत नाही.

परवाच चिखलीच्या एका मंगल कार्यालयात एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. मुहूर्त नेमका गुरुवारचा. केएसबी, थरमॅक्स, डांगे आणि मी, चौघं कितीतरी महिन्यांनी एका टेबलावर बसलो. ताटं आली. मठ्ठा आला. आणि बोलायला काहीच नव्हतं. मला केएसबीची रक्तातली साखर माहीत, त्याला माझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाठ. डांगेच्या प्रमोशनचं काय झालं ते विचारायची सोय नव्हती, कारण काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. जिलेबी संपेपर्यंत चौघं वधूवरांकडे बघत बसलो.

मग केएसबीने घसा साफ केला. “तुम्हाला एक सांगायचं होतं. अजून कुठे बोललो नाही. आमच्या पोरीचं जमलं.”

ही बातमी तिन्ही शिफ्ट हिंडून आठवडा झाला होता. पण आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, “काय सांगता!” डांगेने तर घास तसाच हातात धरला. मी पाठीवर थाप मारली. थरमॅक्सला अतिउत्साह नडला. तो म्हणाला, “वा! आणि रावेतलाच स्वतःचा टू बीएचके म्हणजे पोरगी जवळच राहिली की हो!”

केएसबी त्याच्याकडे बघतच राहिला. “मुलगा कुठला ते मी अजून सांगितलंच नाही.”

टेबलावर मठ्ठ्याचे घोट तेवढे ऐकू येत होते. केएसबीने तिघांचे चेहरे एकेक करून तपासले आणि हताश होऊन विचारलं, “मग माझ्यासाठी सांगायचं काही ठेवलंय का तुम्ही?”

“आहे ना,” डांगे म्हणाला. “तारीख. ती अजून आमच्या शिफ्टला पोचली नाही.”